बाग पुन्हा मांडावी केव्हा?

घरातले घड्याळ मागे पडू लागले की आपण दोन दिवस त्याचे काटे हाताने पुढे सरकवतो आणि तिसऱ्या दिवशी ते घड्याळजीकडे नेतो. बागेच्या बाबतीत मात्र चांगली शहाणीसुरती माणसे दहादहा वर्षे काटेच सरकवीत बसतात. गुलाब जगला नाही, दुसरा आणला. तो गेला, तिसरा आणला. माती वाईट म्हणून माती बदलली, माळी आळशी म्हणून माळी बदलला आणि शेवटी 'आमच्या हाताला गुणच नाही हो' असे म्हणून हात झटकले. हाताला गुण असतो हे मी मानते. आमच्या मामींनी वाळकी काडी जमिनीत खोचली तरी तिला पालवी फुटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण पुष्कळदा दोष हाताचा नसतो, मातीचा नसतो आणि माळ्याचाही नसतो. बाग ज्या घरासाठी, ज्या माणसांसाठी आणि ज्या पाण्याच्या वाटेवर मांडली होती, ते घर, ती माणसे आणि ती वाट बदललेली असते. बाग तेवढी जुन्या मांडणीवर उभी असते. अशा वेळी खत घालून काही होत नाही. बाग पुन्हा मांडावी लागते, आणि ते काम जाणकाराचे असते.

ही वेळ आली हे ओळखायचे कसे, हे मी शिकले ते धाटावला, आमच्या मामांच्या घरी. म्हणून तिथलीच हकीकत सांगते.

धाटाव हे गाव रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रोह्याचे नाव कोकण रेल्वेमुळे सर्वांना ठाऊक आहे, कारण ती रेल्वे तिथूनच सुरू होते. धाटावचे नाव मात्र बहुतेकांच्या कानावर पडते ते तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे. रसायनांचे कारखाने, मालमोटारी, पाळी सुटल्याचे भोंगे, असे चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते खोटे नाही; पण वसाहतीच्या कडेकडेने आजही भाताची खाचरे आहेत, आंबे आहेत, कौलारू घरे आहेत. जवळून कुंडलिका वाहते. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर नुसत्या गोट्यांच्या उरतात, ही तशी उरत नाही. मुळशीच्या धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते. टाटांचे हे वीजघर १९२७ सालापासून चालू आहे. वीज करून सुटलेले ते पाणी कुंडलिकेत पडते आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी शेतांत फिरते. ज्या मुळशीसाठी सेनापती बापट तुरुंगात गेले, तिथल्या बुडालेल्या गावांवरून आलेल्या पाण्यावर खाली रोह्याकडे भात पिकतो. कोणाच्या अंगणातले पाणी कोणाच्या अंगणात जाते याचा हिशेब मोठा विचित्र आहे. माझी पुढची हकीकतही अशीच, फक्त फार लहान मापाची.

सांगायचा मुद्दा हा, की धाटावच्या बागेला पाण्याचा तुटवडा नाही. पावसाळ्यात शंभर इंचांच्या वर पाऊस तिथे पडतोच. पुण्या-मुंबईच्या माणसाला बागेचे दुखणे म्हटले की पाण्याची टंचाई आठवते. कोकणातल्या बागेचे दुखणे बहुधा उलटे असते. पाणी उदंड, आणि त्याला जायला वाट नाही.

मामांचे घर उंच जोत्याचे. पुढे अंगण, मग रस्ता. मागे परसू, परसवाच्या टोकाला जांभ्या दगडांचा रचीव गडगा, गडग्यापलीकडे खाचर आणि खाचराच्या कडेने वहाळ. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे केळी आणि अळू. विहिरीपाशी चार पोफळी. ऊन सर्वांत जास्त मिळे त्या कोपऱ्यात लिंबू आणि मिरच्या. स्वयंपाकघराच्या दारापासून पाच पावलांवर कढीलिंब, कारण फोडणी चुलीवर असताना बाईमाणसाला त्याहून लांब जायला सवड नसते. आणि मागे, गडग्याशी, मामांच्या वडिलांनी लावलेला फणस. ही मांडणी कोणी कागदावर काढलेली नव्हती. पण तिच्यात एकही गोष्ट उगीच नव्हती. 'उद्यान' हा शब्द संस्कृतात 'बाहेर जाणे' या अर्थाच्या धातूवरून आला आहे. घर सोडून जिथे फिरायला जावे ते उद्यान. 'बाग' आपण फारसीतून घेतला. परसू मात्र आपला घरगुती शब्द, आणि परसू म्हणजे घराबाहेरची जागा नव्हे; ते घराचेच एक दालन आहे, फक्त त्याला छप्पर नाही. म्हणूनच घर बदलले की परसू आजारी पडते.

आणि घर बदलत गेले. पुढचा रस्ता दर दोनचार वर्षांनी नवा झाला आणि प्रत्येक वेळी चार बोटे वर चढला. पूर्वी अंगण आणि रस्ता एका पातळीवर होते. आता रस्त्यावरून अंगणात उतरावे लागते. गुरे शिरतात, शिवाय दिसायला बरे, म्हणून मागचा गडगा काढून सिमेंटची पक्की भिंत घातली. मामांना गुडघेदुखी झाली तेव्हा न्हाणी घरात आली आणि मागे मैल्याची टाकी बांधली गेली. परसवाच्या अर्ध्या भागावर पत्रा टाकला, कारण पावसात लाकडे आणि धुणे भिजे. शेजाऱ्यांनी बाजूचे खाचर मुरमाने भरून दुमजली घर बांधले, त्यामुळे लिंबाच्या कोपऱ्यातले ऊन दुपारनंतर गेले. आणि अगदी शेवटी, मामेभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, लग्नाच्या वेळी एका रोपवाटिकेवाल्याकडून मागे हिरवळ करून घेतली. पाहुण्यांनी तिच्यावर फोटो काढले. हे सर्व पंधराएक वर्षांत झाले. यातली कोणतीही गोष्ट मूर्खपणाची नव्हती. प्रत्येकीला सबळ कारण होते. पण या सगळ्यांची मिळून एक बेरीज होते, आणि ती बेरीज कोणीच मांडली नव्हती.

पहिल्यांदा लिंबू गेले. नवे लावले, तेही गेले. असे तीनदा. मग हिरवळीचे शेवाळ झाले. मग माजघराच्या मागल्या भिंतीला ओल चढू लागली. रंग दिला की चार महिने बरी दिसे, श्रावणात पुन्हा पोपडे. फणसाची पाने पिवळी पडली आणि पश्चिमेकडच्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. मामा तोवर गेले होते. मामी एकट्या राहत होत्या. एका श्रावणात त्या शेवाळावरून घसरल्या आणि मनगट मोडले.

दादा डोंबिवलीला असतो. आईच्या हाताला प्लॅस्टर पाहून त्याने निर्णयच घेऊन टाकला. सगळ्या परसवाला सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी करायची, फणस काढायचा, म्हणजे गाडीही मागे लावता येईल. नाहीतर आईने डोंबिवलीला यायचे. त्याची काळजी खरी होती. सत्तरीच्या पुढची आई तिथे एकटी, आणि रात्री पडली तर सकाळपर्यंत कळणार नाही, हे काही खोटे नव्हे. मामी त्यावर एवढेच म्हणाल्या, "फरशीच बघत बसायची, तर ती डोंबिवलीलाही आहे. मग मी इथं राहू तरी कशाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तू शिकलेली आहेस ना, सांग याला. झाड मरतंय ते कशानं, हे कुणी विचारतच नाही."

मुद्दा तोच होता. परसू राखायचे की फरशी करायची, यावर माय-लेक भांडत होते. परसवाला झाले काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. अशा वेळी बाहेरचा माणूस लागतो. इमारतीला जसा वास्तुशिल्पज्ञ असतो, तसा मोकळ्या जागेला लँडस्केप आर्किटेक्ट असतो. आपण उद्यानरचनाकार म्हणू. पुण्याच्या भानुबेन नानावटी वास्तुशिल्प महाविद्यालयासारख्या ठिकाणी हे शिक्षण स्वतंत्रपणे दिले जाते. आपल्याकडे हा माणूस फक्त बंगलेवाल्यांनी बोलवायचा असतो अशी समजूत आहे. माझ्या एका सहकारी बाईंची भाची हेच शिकलेली होती; तिला मी विचारले. ती म्हणाली, "पाऊस चालू असतानाच येते. उन्हाळ्यात सगळ्याच बागा निरोगी दिसतात."

ती आषाढात आली, भर पावसात, गुडघाभर रबरी बूट घालून. दादाने तिला हिरवळ दाखवायला सुरुवात केली, तिने आधी मामींना विचारले, "आजी, पहिला मोठा पाऊस पडतो तेव्हा पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं?" मामींना इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी पंधरा मिनिटे अखंड उत्तर दिले. आधी पाणी मागल्या गडग्यातून झिरपून खाचरात जायचे. गडग्याच्या दगडांत बोटबोटभर फटी असायच्या. आता ते भिंतीशी उभे राहते. रस्त्याचे पाणी पूर्वी पुढूनच वाहून जायचे, आता घराच्या दोन्ही अंगांनी मागे उतरते. पत्र्याची पागोळी थेट फणसाच्या आळ्यात पडते. रोगाचे निदान मामींकडे तयारच होते. फक्त ते पाण्याच्या भाषेत होते आणि आम्ही सारे झाडांच्या भाषेत विचारीत होतो.

मग तिने मापे घेतली. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी घेतात तशी, चारही कोपऱ्यांची पातळी काढली. फणसाचा बुंधा रस्त्यापेक्षा जवळजवळ तीन फूट खाली भरला. तीन ठिकाणी हातहातभर खोल खड्डे खणून त्यांत पाणी भरले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो विहिरीजवळचा खड्डा रिकामा, हिरवळीतला अर्धा भरलेला आणि फणसाजवळचा काठोकाठ. ही परीक्षा कोणालाही करता येते. एक दिवस सरला तरी पाणी मुरले नाही, तर तिथे फळझाड सुखाने जगणार नाही एवढे समजावे. पाऊस चालू असताना जमीन मुळातच भरलेली असते, म्हणून हीच परीक्षा दिवाळीनंतर पुन्हा करून पाहावी, असेही तिने सांगितले.

पत्र्याचा हिशेब तिने वहीत मांडून दाखवला, तो मला फार आवडला. पत्रा चारशे चौरस फुटांचा. शंभर इंच पाऊस धरला तर एका पावसाळ्यात त्या पत्र्यावरून सुमारे ९४ हजार लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरांचे टँकर धरले तर नऊच्या वर टँकर. लाकडे कोरडी राहावीत म्हणून आम्ही दर साली नऊ टँकर पाणी फणसाच्या मुळांवर ओतत होतो! फणसाला पाऊस हवा, पण मुळांशी साचलेले पाणी त्याला मुळीच सोसत नाही. भरीला भर म्हणून हिरवळीसाठी आणलेली माती त्याच्या बुंध्याभोवती हातभर चढवलेली होती. मुळांनाही हवा लागते. ती वरून मातीने बंद केली आणि खालून पाण्याने. ती म्हणाली, "झाड मेलेलं नाही, गुदमरलंय." आणि माजघराची ओल हे त्याच पाण्याचे दुसरे टोक होते. दादा तेव्हा पहिल्यांदा वहीत डोकावला. सगळ्या परसवाला फरशी केली असती, तर आज जमिनीत थोडेफार मुरते तेही पाणी मुरले नसते, आणि भिंतीला अडून सगळे माजघराच्या पायाशी उभे राहिले असते. नवी फरशी वर आणि जुने दुखणे खाली, असा तो कारभार झाला असता.

यावरून मला जी खूण कळली ती अशी. बागेतला एखादा दोष दर साली त्याच जागी परत येत असेल, मध्ये माळी बदलला, रोप बदलले, खत बदलले तरी येत असेल, तर तो दोष निगराणीचा नाही, मांडणीचा आहे. तीन पावसाळे ही मुदत पुष्कळ झाली. आणि दोष जर बाग सोडून घराच्या भिंतीत शिरला, किंवा त्याने माणसाचा हात मोडला, तर तीन वर्षेही थांबू नये. घरात नवे मूल, म्हातारे माणूस, नवी गाडी, नवी टाकी, शेजारी नवी इमारत, यांतले दोन-तीन बदल एकदम झाले असतील, तरी बागेचा हिशेब एकदा नव्याने मांडून घ्यावा. त्यातही ऊन गेले असेल तर वाद घालू नये. भाजीला आणि फुलझाडांना दिवसाचे पाच-सहा तास ऊन लागते, ते शेजाऱ्याच्या गच्चीने नेले असेल तर कोणताही जाणकार ते परत आणून देणार नाही. सावलीतली झाडे लावावीत आणि गप्प बसावे.

उलट, जाणकाराला बोलावण्याची गरज नसते तेव्हाही लोक त्याला बोलावतात. बाग दोन वर्षे कोणी पाहिलीच नाही, तण माजले, वेलींनी झाडे झाकली, एवढ्यासाठी आराखडा नको. चांगला कोयता आणि दोन रविवार पुरतात. नवे घर घेतले आणि पहिल्याच महिन्यात बाग करायला काढली, हेही चुकीचे. एक पूर्ण ऋतुचक्र त्या जमिनीबरोबर काढावे. पाणी कुठे थांबते, मार्गशीर्षात सावली कुठवर येते आणि वैशाखात कुठवर, हे पाहिल्याशिवाय जाणकाराला सांगणार काय? आणि झाडे दाटीने लावल्यामुळे बाग कोंदट झाली असेल तर तिचे उत्तर नुसत्या टेपने मिळते. माडांना एकमेकांपासून पंचवीस फूट हवेत, आंब्याच्या कलमाला तीस-तेहतीस. आपण आठ-आठ फुटांवर लावतो, कारण रोप आणतो तेव्हा ते छत्रीएवढेच असते.

बाग पुन्हा मांडणे म्हणजे ती उपटून टाकणे, ही धास्ती मामींच्या मनात होती, आणि ती निराधार म्हणता येत नाही. रोह्याच्याच एका थोर पुरुषाच्या वाटेने गेले तर याचे चांगले उदाहरण सापडते. चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या घराण्यातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला होता आणि १९१७ साली त्या विषयाचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले होते, हे थोड्यांना ठाऊक असते. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक-अध्यक्ष. १९६२ साली उभी राहिलेली ती इमारत जोसेफ ॲलन स्टाइन या वास्तुशिल्पज्ञाची, आणि ती आहे लोदी बागेला लागून. ही लोदी बाग १९३६ साली लेडी विलिंग्डन यांच्या नावाने तयार झाली, तेव्हा थडग्यांभोवती वसलेले खैरपूर गाव तिथून उठवले गेले होते. स्वातंत्र्यानंतर तिचे नाव बदलले. पुढे १९६८ साली त्याच स्टाइननी, गॅरेट एक्बो या अमेरिकन उद्यानरचनाकाराच्या जोडीने, ती बाग पुन्हा मांडली. थडगी जिथल्या तिथे राहिली, मांडणी तेवढी नवी झाली. सकाळी तिथे फिरणाऱ्या हजारो माणसांना ही बाग दोनदा आखली गेली आहे याची कल्पनाही नसते.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आणि उलट्या बाजूचे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. दुर्मीळ झाडांची तिथे एवढी गर्दी आहे की वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ती पाहायला येतात. २००७ साली महापालिकेने तिथल्या प्राणिसंग्रहालयासाठी बँकॉकच्या एका सल्लागार संस्थेकडून आराखडा करून घेतला. त्यात जुन्या झाडांचे आणि बागेच्या मूळ मांडणीचे काय होणार, असे विचारीत काही नागरिक उभे राहिले, त्यांनी झाड न् झाड मोजले, आणि तो आराखडा मूळ रूपात अमलात आला नाही. पिंजरे बदलण्याची गरज होती, यात वाद नव्हता. पण पिंजऱ्यांचे दुखणे आणि झाडांचे दुखणे एक नव्हते. जाणकार बोलवावा म्हणजे तो सांगेल ते सगळे मान्य करावे, असे नाही.

धाटावच्या आराखड्यातही फणस राहिला. तो काढायचा म्हटले असते तरी मनात आले आणि करवत लावली, असे चालत नाही. १९६४ सालच्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यात ज्या झाडांची यादी आहे तिच्यात आंबा आहे, जांभूळ आहे, चिंच आहे आणि फणसही आहे. आपल्या जमिनीतला असला तरी परवानगी काढावी लागते. आंबे-फणस धन्याच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, हे तर रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. फरक एवढाच की आता धन्यालाही विचारावे लागते.

आराखड्यात खर्चाची कामे थोडी निघाली. मागच्या भिंतीला तळाशी चार मोऱ्या पाडायच्या, साप येऊ नयेत म्हणून त्यांना जाळी. तिथून उथळ चर काढून पाणी वहाळाला नेऊन सोडायचे. खाचराच्या मालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाणी आधीपासून इथूनच जायचं. तुम्हीच अडवलं होतं." पत्र्याला पन्हळ लावून ते पाणी बंद नळाने थेट चरात. फणसाच्या बुंध्याची माती काढायची, पण यंत्राने नव्हे, हातांनी. हिरवळ रद्द. पाणी शेवटी जिथे रेंगाळणारच त्या कोपऱ्यात केळी, अळू आणि सोनटक्का, कारण त्यांना तेच हवे असते. मागल्या दारापासून विहिरीपर्यंत खडबडीत काळ्या दगडाची, जमिनीपासून थोडी उचललेली वाट आणि तिच्या एका अंगाला धरायला लोखंडी नळी. अबोली, कोथिंबीर आणि मिरच्यांसाठी कमरेइतका उंच ओटा, म्हणजे मामींना वाकायला नको. गाडीसाठी घराच्या पुढल्या बाजूला नुसत्या दोन चाकांच्या पट्ट्या, मध्ये खडी. विहिरीचे पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या, असेही तिने सुचवले. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्याने हे आपणहून करावे.

पैशांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आराखड्याची फी वेगळी द्यावी आणि कामाची वेगळी. आराखडा फुकट करून देतो असे म्हणणारा पुष्कळदा रोपांचा व्यापारी असतो, आणि मग आराखडा रोपांनी भरतो. कागदावर झाड पूर्ण वाढल्यावर केवढे होईल तेवढे काढलेले असावे, पातळ्या लिहिलेल्या असाव्यात, आणि 'ही बाग रोज कोण पाहणार' या प्रश्नाचे उत्तर त्यात दिसावे. आमच्या आराखड्याच्या कोपऱ्यात तिने लिहिले होते: 'निगा: आजी, रोज एक तास, गडी, आठवड्यातून एकदा.' त्याहून जास्त काम लागेल असे एकही झाड तिने घेतले नव्हते. आणि माळ्याला हिणवू नये. मांडणी एकदाच होते, माळी रोजचा असतो. रोपावर कीड पडली, कलम धरत नाही, असे दुखणे असेल तर ते उद्यानविद्येच्या पदवीधराचे. कोकणात दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, तिथे विचारावे. त्यासाठी मांडणी बदलण्याचे कारण नाही.

दिवाळी झाल्यावर काम सुरू झाले. हाच खरा काळ. जमीन अजून मऊ असते, भात कापून खाचर मोकळे झालेले असते, आणि पाण्याच्या खुणा भिंतीवर ताज्या असतात. दगडमातीची कामे शिमग्यापर्यंत उरकली. रोपे मात्र मृगानंतरच लावली. दादाला घाई होती, पण मामींनी त्याला दाद दिली नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलेच. फक्त दोनतीन तासांत निघून जाऊ लागले. माजघराची ओल कमी झाली, गेली नाही. भिंत पुरती सुकायला आणखी काही वर्षे लागतील असे ऐकते. फणसाच्या पश्चिमेकडच्या फांद्या वाळल्या त्या वाळल्याच. पूर्वेकडची बाजू हिरवी आहे आणि यंदा तिच्यावर दोन फणस धरले होते. दादाला गाडीच्या चिखलाची तक्रार आहे. पण डोंबिवलीला नेण्याची गोष्ट त्याने वर्षभरात काढलेली नाही, आणि मामीही त्याला त्याची आठवण करून देत नाहीत.

आराखड्यात एक बदल मामींनी परस्पर केला. पारिजातकाखाली दोन माणसांना बसता येईल असा दगडी कट्टा दाखवला होता. तिथे निवांत बसून आजींनी बागेकडे पाहावे, अशी त्या मुलीची कल्पना. कट्टा झाला. मी मे महिन्यात गेले तेव्हा त्यावर आमसुले वाळत होती, शेजारी सांडग्यांचे ताट होते, आणि मामी पायरीवर बसून कावळे हाकीत होत्या.